पडद्यावरची यादी बोलण्याच्या मागे पडते तेव्हा काय तपासायचं

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका काकूंचे स्वयंपाकाचे व्हिडिओ मी एडिट करतो. काकू शेगडीपुढे उभ्या राहून सांगत जातात आणि त्या ज्या जिन्नसाचं नाव घेतील त्याची ओळ पडद्याच्या उजव्या बाजूला उमटते. आधीच्या ओळी तिथेच थांबतात, खाली नवी येते, शेवटी पूर्ण यादी दहा सेकंद राहते. बघणाऱ्याला स्क्रीनशॉट काढता यावा म्हणून ती सोय. काम ऐकायला सोपं आहे. पांढऱ्या रश्श्याचा व्हिडिओ चढवला आणि तासाभरात काकूंचा फोन.

"बाळा, सुरुवातीला ठीक हाय. पण शेवटाकडं मी वेलदोडे म्हणतो तरी पडद्यावर लवंगच. मी लवंग सोडून कवाच पुढं गेलो की."

ही तक्रार पहिली नव्हती. आधीच्या तीन व्हिडिओंत हेच झालं होतं आणि प्रत्येक वेळी मी एकच केलं होतं: जी ओळ मागे वाटेल ती डोळ्यांनी बघून थोडी अलीकडे ओढायची. त्या व्हिडिओपुरतं भागायचं, पुढच्या व्हिडिओत दुखणं पुन्हा हजर. या खेपेला मात्र ठरवलं की एकही ओळ हलवायच्या आधी मोजायचं. यादी किती मागे आहे, हे एका जागी बघून काहीच कळत नाही. ती सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी किती मागे आहे, हे तिन्ही आकडे शेजारी मांडले की कारण आपोआप पुढे येतं. तुमच्याकडे हाच त्रास असेल तर हे मोजमाप आधी करा, बाकी सगळं नंतर.

मोजायचं कानाने नाही, वेव्हफॉर्म, म्हणजे आवाजाच्या चढउताराचा आलेख बघून. ऑडिओचा ट्रॅक उंच करा आणि यादीतला असा शब्द निवडा ज्याची सुरुवात क, त, प, द अशा अक्षराने होते. 'काजू' म्हणताना क च्या आधी क्षणभर शांतता असते आणि मग आवाज एकदम उभा राहतो. वेव्हफॉर्ममध्ये तिथे भिंतीसारखी सरळ कड दिसते. 'लवंग', 'मिरी', 'वेलदोडे' यांची सुरुवात हळूहळू चढते, नेमका कुठला फ्रेम, म्हणजे व्हिडिओतलं कुठलं एक स्थिर चित्र, धरायचा हे सांगता येत नाही. म्हणून काजू, तीळ, दालचिनी हे मोजायला चांगले. आवाजाची कड ज्या फ्रेमवर आहे तिथे खूण करा, ओळ ज्या फ्रेमवर उमटते तिथे दुसरी खूण करा, मधले फ्रेम मोजा.

पांढऱ्या रश्श्याच्या व्हिडिओत तीन याद्या होत्या. चाळिसाव्या सेकंदाला मटण शिजवायला घालतानाची, पाचव्या मिनिटाला वाटणाची, आणि दहाव्या मिनिटाला खड्या मसाल्याच्या फोडणीची. माझे आकडे असे आले: पहिली ६ फ्रेम उशिरा, दुसरी १४, तिसरी २३. सेकंदाला तीस फ्रेम धरले तर शेवटचा उशीर पाऊण सेकंदाच्या पुढे जातो. काकू फोडणीचे जिन्नस पटापट घेतात, एकेका नावाला सेकंदही लागत नाही. म्हणून त्यांच्या तोंडी वेलदोडे आणि पडद्यावर लवंग.

आता या आकड्यांचं वाचन.

उशीर सगळीकडे एकसारखा असेल, म्हणजे सुरुवातीला ५ फ्रेम आणि शेवटीही ५, तर गडबड वेळ टिपताना झाली आहे. उशीर मिनिटागणिक सारख्या मापाने वाढत असेल तर गडबड फ्रेम रेटमध्ये (सेकंदाला किती फ्रेम) किंवा टाइमकोडमध्ये (प्रत्येक फ्रेमवरची तास, मिनिट, सेकंद, फ्रेम अशी पाटी) आहे. एका जागेपर्यंत सगळं बरोबर आणि तिथून पुढे अचानक ठरावीक उशीर, असं असेल तर तिथे काहीतरी कापलं किंवा घातलं गेलं आहे आणि यादीचा ट्रॅक सोबत सरकलेला नाही. आणि कुठे मागे, कुठे पुढे, कशाचा मेळ नाही, असं असेल तर मूळ फुटेजच बदलत्या फ्रेम रेटचं आहे.

माझ्या आकड्यांत दोन कारणं एकात एक मिसळली होती आणि म्हणूनच ती इतके दिवस सापडली नाहीत. दर मिनिटाला साधारण १.८ फ्रेम वाढ दिसत होती. ती वजा केली तर पहिल्या यादीत उरतात ५ फ्रेम, दुसऱ्यातही ५, तिसऱ्यातही ५. म्हणजे ५ फ्रेमचा कायमचा उशीर, आणि त्यावर चढत जाणारा दुसरा.

कायमचे ५ फ्रेम आधी घेतो, कारण हे दुखणं मी बऱ्याच जणांकडे बघितलंय. माझी पद्धत अशी होती की व्हिडिओ चालू करायचा, हेडफोन कानाला, आणि शब्द ऐकू आला की बटण दाबून वेळ टिपायची. हेडफोन ब्लूटूथचे. ब्लूटूथमध्ये आवाज आधी आवळून पाठवला जातो, तिकडे उलगडला जातो, मग कानात पोहोचतो. यात एक-दोन दशांश सेकंद सहज जातात. व्हिडिओ बघताना हे जाणवत नाही, कारण बरेच प्लेअर चित्रही तेवढंच थांबवून ठेवतात. एडिटिंगच्या सॉफ्टवेअरवर मात्र तसा भरवसा ठेवता येत नाही. तुम्ही 'काजू' ऐकता तेव्हा प्लेहेड, म्हणजे व्हिडिओ कुठवर आला ते दाखवणारी रेघ, काजूच्या पुढे गेलेला असतो. त्यात बोटाला लागणारा वेळ मिळवा. प्रत्येक ओळ सारखीच उशिरा बसते, आणि तुमच्या स्वतःच्या हेडफोनवर तपासलं तर सगळं जागच्या जागी वाटतं! हाच याचा घातक भाग आहे. चूक ज्या साधनाने झाली त्याच साधनाने तपासणी होते.

उपाय स्वस्त आहे. वायरचे हेडफोन वापरा, किंवा सरळ कॉम्प्युटरचे स्पीकर. आणि ओळ बसवताना शेवटचा निर्णय वेव्हफॉर्मवर घ्या. आधीच बसवलेल्या ओळी दुरुस्त करायच्या असतील तर मजकुराचा अख्खा ट्रॅक निवडून एका झटक्यात मागे घ्या. प्रीमियर या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये क्लिप निवडून नंबरपॅडवर वजा पाच टाइप करून एंटर दाबलं की सगळ्या क्लिप पाच फ्रेम मागे येतात. एकेक ओळ ओढत बसू नका, त्यात नव्या चुका होतात.

आता वाढत जाणारा उशीर. याला वेळ देतो, कारण हे समजलं नाही तर माणूस आयुष्यभर ओळी ओढत बसेल.

काकूंचं शूटिंग मी एका मित्राकडून घेतलेल्या जुन्या कॅमेऱ्यावर करत होतो. तो एनटीएससी मोडवर, म्हणजे अमेरिकेतल्या टीव्हीच्या पद्धतीवर लावलेला होता. आपल्याकडची पद्धत पालची, सेकंदाला २५ फ्रेम. एनटीएससीत आपण बोलताना ३० म्हणतो, पण खरा आकडा २९.९७ आहे, म्हणजे ३०,००० भागिले १,००१. फरक हजारात एकाचा, पण टाइमकोडला अर्धवट फ्रेम मोजता येत नाही, तो तीस फ्रेम झाले की एक सेकंद पुढे टाकतो. फ्रेम जरा हळू येत असल्याने टाइमकोडचा सेकंद खऱ्या सेकंदापेक्षा किंचित लांब होतो. टाइमकोडवर १० मिनिटं पूर्ण होतात तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात १० मिनिटं आणि ०.६ सेकंद झालेले असतात. तासाला हा फरक ३.६ सेकंदांचा.

मी वेळा टिपत होतो वेगळ्या ॲपमध्ये, जे खऱ्या सेकंदात मोजतं. मग त्या वेळा कागदावरून बघून टाइमलाइनच्या टाइमकोडच्या चौकटीत टाइप करत होतो. दहाव्या मिनिटाची खरी वेळ मी दहाव्या मिनिटाच्या टाइमकोडवर ठेवली की ओळ ०.६ सेकंद उशिरा जाते. तीसच्या हिशेबाने १८ फ्रेम. पाचव्या मिनिटाला ९, चाळिसाव्या सेकंदाला जेमतेम १. यात कायमचे ५ मिळवा. ६, १४, २३. आकडे जुळले तेव्हा रात्रीचे साडेबारा झाले होते. चार व्हिडिओ मी ज्याला सॉफ्टवेअरचा दोष समजत होतो तो माझ्या टाइमलाइनच्या एका सेटिंगचा होता.

यासाठीच ड्रॉप फ्रेम नावाचा टाइमकोड आहे. नाव फसवं आहे, त्यात चित्रातला एकही फ्रेम गळत नाही. गळतात ते फक्त क्रमांक. दर मिनिटाच्या सुरुवातीला ०० आणि ०१ हे दोन क्रमांक वगळले जातात, फक्त प्रत्येक दहाव्या मिनिटाला वगळत नाहीत. त्यामुळे तासाला १०८ क्रमांक कमी होतात आणि टाइमकोड खऱ्या घड्याळाच्या बरोबरीने चालतो. तुमच्या टाइमलाइनवर कुठला आहे हे ओळखायची खूण सोपी: प्रीमियरमध्ये आकड्यांच्या मध्ये सेमीकोलन दिसत असेल तर ड्रॉप फ्रेम, कोलन असेल तर नॉन ड्रॉप. सिक्वेन्सच्या सेटिंगमध्ये जाऊन टाइम दाखवायची पद्धत बदलता येते.

इथे एक सावधगिरी. हे सेटिंग बदललं म्हणून आधी बसवलेल्या ओळी हलत नाहीत. त्या फ्रेमवर बसलेल्या असतात, तुम्ही फक्त फ्रेमवरची पाटी बदलता. जुनं काम दुरुस्त करायचं तर प्रत्येक यादी तिच्या मापाने मागे घ्यावी लागते. माझ्याकडे तीनच याद्या होत्या, म्हणून पहिली अख्खी ६ फ्रेम, दुसरी १४, तिसरी २३ अशी मागे घेतली. एका यादीच्या पाऊण-एक मिनिटाच्या आत वाढणारा फरक फार तर फ्रेम-दीड फ्रेमचा, तो डोळ्याला कळत नाही.

आणि पुढच्या शूटिंगपासून कॅमेरा पालवर, २५ वर लावला. तिथे फ्रेम पूर्ण आकड्यात येतात, हा प्रश्नच उरत नाही. शिवाय आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्याने काकूंच्या स्वयंपाकघरातल्या ट्यूबचं फडफडणंही कमी झालं.

टाइमकोड वाचण्यातली अजून एक चूक सांगून ठेवतो, कारण काकू मला वेळा लिहून पाठवतात. त्यांनी '४:१२' लिहिलं तर ते चार मिनिटं बारा सेकंद. टाइमलाइनवर शेवटची जोडी फ्रेमची असते, तिथे तेच ४ सेकंद १२ फ्रेम होतं. आणि १२ फ्रेम म्हणजे ०.१२ सेकंद नव्हे. २५ च्या टाइमलाइनवर एक फ्रेम ४० मिलिसेकंदांचा, म्हणून १२ फ्रेम म्हणजे ४८० मिलिसेकंद, जवळपास अर्धा सेकंद.

आता पायरीसारखी उडी, म्हणजे एका जागेपासून पुढे अचानक ठरावीक उशीर. हे कारण सगळ्यात जास्त दिसतं आणि सापडायला सगळ्यात सोपं असतं. यादी बसवून झाली, मग कुणीतरी म्हणतं सुरुवातीचा नमस्कार लांबला, तो काप. तुम्ही सात सेकंद कापता, चित्र आणि आवाज मागे सरकतात, यादी होती तिथेच. किंवा मध्येच जाहिरातीचा तुकडा घालता. प्रीमियरमध्ये ट्रॅकच्या डाव्या टोकाला सिंक लॉकचं चिन्ह असतं. यादीच्या ट्रॅकवर ते बंद असेल किंवा ट्रॅकला कुलूप असेल, तर रिपल डिलीट (तुकडा काढून रिकामी जागा आपोआप भरून घेणं) केल्यावर तो ट्रॅक जागचा हलत नाही. अनेक जण मजकूर चुकून हलू नये म्हणून त्या ट्रॅकला कुलूप घालतात, आणि नेमकं तेच नडतं. फायनल कटमध्ये शीर्षक खालच्या क्लिपला जोडलेलं असतं, क्लिप सरकली की तेही सरकतं. मोबाइलवरच्या ॲपचा भरवसा धरू नका: एक छोटा प्रोजेक्ट घ्या, त्यात एक ओळ ठेवा, सुरुवातीचे दोन सेकंद कापा आणि ओळ सोबत आली का बघा. एका मिनिटात उत्तर मिळतं.

माझा स्वतःचा नियम आता कडक आहे. काकूंनी चित्र आणि बोलणं मान्य केल्याशिवाय यादीला हात लावायचा नाही. "कापाकापी संपली का?" असं विचारून, होकार घेऊन मगच. तालमीतल्या पोरांच्या मंडळासाठी काम करतो तेव्हा हे पाळणं अवघड जातं, कारण विसर्जनाच्या आदल्या रात्रीपर्यंत बदल येतात. तरी धरून बसतो.

बेताल मागेपुढे होणं म्हणजे बहुतेक वेळा मोबाइलचं फुटेज. मोबाइल उजेड कमी झाला की फ्रेम कमी करतो, उजेड आला की वाढवतो. आयफोनमध्ये तर यासाठी ऑटो एफपीएस नावाचं सेटिंगच आहे, ते बंद करता येतं. स्वयंपाकघरात झाकण काढलं, वाफ आली, कुणी दारात उभं राहून उजेड अडवला, की फ्रेम रेट हलला. एडिटिंगचं सॉफ्टवेअर ठरावीक फ्रेम रेटवर चालतं, त्याला हा हेलकावा नीट पेलत नाही. ओठ आणि आवाज सुटे पडतात, आणि चित्र बघून बसवलेली यादी आवाजापासून सुटते. मीडियाइन्फो नावाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडा. फ्रेम रेट मोडपुढे व्हेरिएबल लिहिलेलं दिसलं की निदान झालं. मग हँडब्रेक या फाइल बदलून देणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल घालून व्हिडिओच्या पानावर कॉन्स्टंट फ्रेमरेट निवडा, आकडा तुमच्या प्रोजेक्टचा द्या आणि नवी फाइल बनवा. केडेनलाइव्ह हे एडिटिंगचं सॉफ्टवेअर तर अशी फाइल आत घेतानाच इशारा देतं आणि रूपांतर करू का विचारतं. हे सगळं एडिटिंगच्या आधी करायचं. अर्ध्या कामात फाइल बदलली तर कट सरकण्याची भीती असते.

व्हॉट्सॲपवर आलेली क्लिप एडिटिंगला घेऊ नका. ती दाबून लहान केलेली असते. पाठवणाऱ्याला सांगा की डॉक्युमेंट म्हणून पाठव, मग मूळ फाइल जशीच्या तशी येते.

वेळेचं इथवर. पण माझ्याकडे येणाऱ्या अर्ध्या तक्रारी वेळेच्या वाटतात आणि असतात दुसऱ्याच. 'यादी हलते', 'यादी नाचते' असं कुणी म्हणालं तर ओळीची जागा तपासा. मजकुराची चौकट मध्यातून धरलेली असेल, तर खाली एक ओळ वाढली की अख्खी यादी अर्ध्या ओळीने वर उडी मारते. बघणारा वाचत असलेली ओळ त्याच्या डोळ्यांखालून सरकते. चौकट वरच्या कडेला बांधा. मी त्याहून सोपं करतो: पूर्ण यादी एकाच चौकटीत लिहितो, जागा नक्की करतो, मग त्या क्लिपच्या प्रती काढून प्रत्येकीतल्या खालच्या ओळींना अदृश्य करतो. ओळी पुसायच्या नाहीत, फक्त त्यांचा रंग पारदर्शक करायचा. चौकटीचं माप तेच राहतं, काही हलत नाही. कुणी खालून क्रॉप करून कीफ्रेमने (कुठल्या क्षणी काय बदलायचं त्या खुणांनी) ओळी उघडतात, तीही पद्धत चांगली आहे, पण कीफ्रेमचा प्रकार होल्ड ठेवा. तो न ठेवल्यास एका ओळीपासून दुसरीपर्यंत क्रॉप हळूहळू सरकत राहतो आणि अर्धी कापलेली ओळ पडद्यावर दिसते. बघणाऱ्याला ती 'वेळेआधी आली' असं वाटतं.

मराठी अक्षरांचा त्रास यापेक्षा मोठा, आणि तो माझ्या मनाला लागतो. एकेक अक्षर टंकलेखन यंत्रासारखं उमटवायचा इफेक्ट मराठीला लावू नका. आपल्या लिपीत अक्षर म्हणजे एक तुकडा नाही. 'मिरी' घ्या. आत साठवताना आधी म, मग ऱ्हस्व वेलांटी. इफेक्ट आधी म दाखवतो आणि पुढच्या क्षणी वेलांटी त्याच्या आधी येऊन बसते, म जागचा उजवीकडे सरकतो. 'खोबऱ्याचं दूध' मध्ये तर आधी र, मग पाय मोडलेला र, मग एकदम ऱ्या असं रूपांतर डोळ्यांसमोर होतं. 'कोल्हापुरी' लिहिताना ल, ल्, ल्ह. गावाचं नाव असं लंगडत लिहिलं जाणं बघवत नाही. पूर्ण शब्द एकदम आणा, किंवा डावीकडून उजवीकडे पडदा सरकवल्यासारखा उघडा.

जोडाक्षरं इफेक्ट नसतानाही फुटत असतील, वेलांटी भलतीकडे पडत असेल, तर प्रीमियरच्या ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये मजकुराचं इंजिन दक्षिण आशियाई आणि मध्यपूर्वेच्या लिप्यांचं निवडा आणि ओळ नव्याने टाइप करा. जुन्या, युनिकोडआधीच्या फॉन्टमधला मजकूर कुणी पाठवला असेल तर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या. मुक्ता, बालू, नोटो सान्स देवनागरी हे फॉन्ट मोफत आहेत आणि त्यांत ऱ्य नीट येतो. फॉन्ट निवडताना मी हमखास एकच ओळ टाइप करून बघतो, 'खोबऱ्याचं वाटण, वेलदोड्याची पूड'. ती नीट आली की बाकी सगळं येतं. ओळींमधलं अंतर इंग्रजीपेक्षा जास्त ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला टेकतो.

देणगीदारांची यादी हा वेगळा विषय. गेल्या गणपतीत एका तालमीच्या मंडळाने बासष्ट नावं दिली आणि सांगितलं, एका मिनिटात खालून वर सरकव. सरकवली तर नावं थरथरत होती, डोळ्याला त्रास होईल इतकी. याचं कारण गणिताचं आहे. एक नाव ९० पिक्सेल उंच धरलं तर बासष्ट नावांचे ५,५८० पिक्सेल, त्यात पडद्याची उंची १,०८० मिळवली की एकूण प्रवास ६,६६० पिक्सेलचा. तो ६० सेकंदांत, म्हणजे २५ च्या हिशेबाने १,५०० फ्रेममध्ये बसवायचा तर दर फ्रेमला ४.४४ पिक्सेल. पिक्सेल अर्धा नसतो. सॉफ्टवेअर कधी चार सरकवतं, कधी पाच, कधी मधलं रंगवून काढतं, आणि त्यातून थरथर येते. दर फ्रेमला पूर्ण आकडा ठेवा. चार पिक्सेल घेतले तर १,६६५ फ्रेम लागतात, म्हणजे ६६ सेकंद १५ फ्रेम. सहा-सात सेकंद वाढले, यादी लोण्यासारखी सरकली. मी तीन पिक्सेलचंही करून दाखवलं, ८८ सेकंद २० फ्रेमचं. त्यात प्रत्येक नाव जवळपास पंधरा सेकंद पडद्यावर राहत होतं. मंडळाने तेच घेतलं. वर्गणी देणारा माणूस घरच्यांना बोलावून 'हे बघा' म्हणेपर्यंत नाव पडद्यावर असायला हवं, हे त्यांचं म्हणणं मला शंभर टक्के पटलं.

ओळ किती वेळ ठेवायची याला मी हाच निकष लावतो: मोठ्याने, घाई न करता दोनदा वाचून होईल इतका वेळ. मूकपटाच्या काळात संवाद पाट्यांवर लिहून दाखवत, आणि पाटी लवकर गेली की गोष्टच निसटायची. ज्या गावात बाबूराव पेंटरांनी स्वतःच्या हाताने कॅमेरा घडवला आणि जिथे १९२९ मध्ये प्रभात कंपनी सुरू झाली, तिथल्या लोकांना पडद्यावरचं अक्षर वाचायला पुरेसा वेळ देण्याचं महत्त्व नव्याने सांगायला नको.

यादी एसआरटी फाइलने (वेळा आणि मजकूर लिहिलेली सबटायटलची साधी फाइल) आणत असाल तर तीन गोष्टी बघा. पहिली, मराठी कीबोर्ड चालू असताना वेळ टाइप केली की आकडे देवनागरीत पडतात. बहुतेक सॉफ्टवेअरला ते वाचता येत नाहीत आणि ओळच गायब होते. वेळेचे आकडे इंग्रजीच लागतात. दुसरी, सेकंद आणि मिलिसेकंद यांच्यामध्ये स्वल्पविराम असतो, टिंब नाही. तिसरी, फाइल यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करा. नोटपॅडमध्ये एएनएसआय निवडलं गेलं तर सगळा मजकूर प्रश्नचिन्हांचा होतो आणि मूळ अक्षरं परत मिळत नाहीत. शिवाय एसआरटीत नवी ओळ आली की जुनी जाते. यादी साठत जायला हवी असेल तर प्रत्येक नोंदीत आधीच्या सगळ्या ओळी पुन्हा लिहाव्या लागतात: पहिल्या नोंदीत खसखस, दुसरीत खसखस आणि तीळ, तिसरीत खसखस, तीळ आणि काजू. चार-पाच ओळींपुढे हे जड जातं. स्वयंपाकाच्या यादीला मी ही वाट धरत नाही.

तपासणी टाइमलाइनवर करू नका. जड फुटेज असेल तर प्रिव्ह्यू अडखळतो आणि नसलेला उशीर दिसतो. एक्स्पोर्ट करा, फाइल मोबाइलवर घ्या, मोबाइलच्याच स्पीकरवर ऐका. पहिली यादी, मधली यादी, शेवटची यादी, बस्स. उभा व्हिडिओ असेल तर उजवी कड आणि तळ मोकळा आहे का तेही तिथेच बघा, लाइक आणि शेअरची बटणं त्या जागी येऊन यादी झाकतात.

ओळ शब्दाच्या आधी यावी की बरोबर, यावर काकूंशी माझी चर्चा झाली. मी दोन्ही करून दाखवलं. दोन फ्रेम आधी आणली तर कुणालाच कळत नाही. दहा फ्रेम आधी आणली तर काकू म्हणाल्या, "हे म्हणजे मी बोलायच्या आधी तू माझ्या तोंडातलं काढून घेतल्यासारखं झालं." त्यामुळे ओळ आता शब्दाच्या पहिल्या फ्रेमवर बसते. पांढऱ्या रश्श्याचा दुरुस्त केलेला व्हिडिओ त्यांना पाठवला, तेव्हा त्यांनी फोडणीचा भाग तीनदा लावून बघितला आणि मग तांबड्या रश्श्याची तारीख सांगितली. त्याच्या यादीत चौदा जिन्नस आहेत.